अमेरिकी फौजदारी न्यायातला वर्णभेद: आकडे कसे वाचायचे आणि पुरावा कुठे सापडतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या तुरुंगांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त आहे. काही जण म्हणतात हा उघड वर्णभेद, काही जण म्हणतात गुन्हेच तेवढे घडतात. कायद्याच्या पुस्तकात तर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासून सगळे समान आहेत. मग खरं काय ते ठरवायचं कसं?

दोन्ही बाजू एकच चूक करतात. शेवटचा आकडा हातात घेऊन त्यावरून मागचं सगळं ताडायला जातात. तुरुंगातली संख्या अनेक निर्णयांमधून गाळून आलेली असते: पोलिसाने कोणाला अडवलं, कोणाची झडती घेतली, सरकारी वकिलाने कोणतं कलम लावलं, जामिनाची रक्कम किती ठरली, ज्युरीत (दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात) कोण बसलं, न्यायाधीशाने किती वर्षं सुनावली. यातल्या प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. निर्णय कोणाच्या हातात होता? त्याचं कारण कागदावर द्यावं लागलं का? आणि बाकी सगळं सारखं, वर्ण तेवढा वेगळा, अशा माणसाच्या वाट्याला काय आलं? कारण द्यायची गरज नसते तिथे पक्षपात मुरतो, आणि नेमकं तिथेच त्याचा कागदही राहत नाही. माझ्या मते सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

रस्त्यावर अडवणं आणि झडती

न्यूयॉर्क शहराचे आकडे घेऊ, कारण ते न्यायालयात तावूनसुलाखून निघालेले आहेत. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी सुमारे ४४ लाख वेळा लोकांना अडवलं. त्यात ५२ टक्के कृष्णवर्णीय, ३१ टक्के हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वा स्पॅनिश वंशाचे), १० टक्के गोरे. २०१० साली शहराच्या लोकसंख्येत हे वाटे २३, २९ आणि ३३ टक्के होते. पुष्कळ लेख इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. या अडवणुकींविरुद्धच्या खटल्यात शहराचं उत्तर तयार होतं: तुलना लोकसंख्येशी कशाला, गुन्ह्यांतल्या संशयितांच्या वर्णनांशी करा. न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी ऑगस्ट २०१३ च्या निकालात हा युक्तिवाद फेटाळला. कारण साधं होतं. अडवलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांवर पुढे ना अटक झाली ना समन्स निघालं. एवढे सगळे लोक निर्दोष असतील, तर त्यांची बरोबरी गुन्हेगारांच्या यादीशी करायला आधार काय?

त्याच खटल्यातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. कृष्णवर्णीयांना अडवल्यावर १ टक्का वेळा शस्त्र सापडलं, गोऱ्यांना अडवल्यावर १.४ टक्के वेळा. इतर बेकायदा वस्तूंच्या बाबतीत हेच प्रमाण १.८ आणि २.३ टक्के. म्हणजे गोऱ्या माणसाला अडवण्यासाठी पोलिसांना जास्त सबळ संशय लागत होता. याला फलिताची कसोटी म्हणता येईल: किती जणांना अडवलं हे बघायचं नाही, अडवल्यावर किती वेळा हाती लागलं ते बघायचं.

ही कसोटीही डोळे झाकून वापरू नये. एक काल्पनिक उदाहरण बघा. एका गटातल्या निम्म्या संशयितांकडे माल असण्याची शक्यता ९० टक्के आणि उरलेल्यांकडे २० टक्के. दुसऱ्या गटात सगळ्यांकडे २० टक्के. पोलीस दोघांनाही एकच पट्टी लावतो: १५ टक्क्यांच्या वर शक्यता वाटली की झडती. पहिल्या गटात यश ५५ टक्के दिसेल, दुसऱ्यात २०. पट्टी एकच असूनही आकड्यांत भेदभाव दिसेल. उलटही होतं: पट्टी वेगळी असते, पण सरासरीत ती झाकली जाते. म्हणून जाणकार नुसत्या सरासरीवर थांबत नाहीत. प्रत्येक भागातलं झडतीचं प्रमाण आणि यशाचं प्रमाण एकत्र मांडून त्यामागची पट्टीच काढायचा प्रयत्न करतात.

गाड्या अडवण्याच्या बाबतीत याहून सुटसुटीत रीत आहे, अंधाराची कसोटी. संध्याकाळची एकच वेळ घ्यायची, समजा साडेसहा. हिवाळ्यात त्या वेळी काळोख असतो, उन्हाळ्यात लख्ख उजेड. रस्त्यावरची माणसं साधारण तीच, पण अंधारात चालकाचा वर्ण दुरून दिसत नाही. अंधार पडल्यावर अडवलेल्यांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा घसरला, तर उजेडात वर्ण बघून अडवलं जात होतं असं म्हणायला आधार मिळतो. सूर्यास्तानंतरची संधिप्रकाशाची अर्धा तास वेळ हिशोबातून काढून टाकायची, नाहीतर उत्तर गढूळ होतं. घड्याळं पुढेमागे करण्याच्या दिवसांच्या आसपासचे आठवडे सर्वांत उपयोगी, कारण ऋतू तोच राहतो आणि उजेड मात्र तासभराने सरकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी नोंदी तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हीच घसरण दिसली. कसोटीची मर्यादाही सांगायला हवी. रस्त्यावर दिवे भरपूर असतील, किंवा पोलीस गाडीच्या मॉडेलवरून आणि वस्तीवरून अंदाज बांधत असतील, तर भेदभाव असूनही ती तो पकडत नाही.

आणखी एक सापळा आहे, त्यात अनुभवी माणसंही अडकतात. पोलिसांच्या नोंदी सुरू होतात त्या अडवल्यापासून. कृष्णवर्णीयांना किरकोळ कारणावरून अडवलं जात असेल, तर नोंदींत निरुपद्रवी प्रसंगांची भर पडते. त्यामुळे ‘दर शंभर अडवणुकींमागे बळाचा वापर किती’ हे प्रमाण त्यांच्यासाठी आपोआप खाली येतं. पहिल्या टप्प्यावरचा अन्याय दुसऱ्या टप्प्यावर न्यायाचं रूप घेऊन येतो. पोलिसांच्या नोंदींवरून ‘भेदभाव आढळला नाही’ असा निष्कर्ष वाचलात, तर छेदात कोण आहे हे आधी तपासा.

कलम कोणतं लावायचं

हा निर्णय सरकारी वकिलाचा, आणि सगळ्या यंत्रणेत सर्वांत कमी उजेड इथेच पडतो. सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नोंदवलं आहे की फेडरल (केंद्रीय) न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल करून होतात. खटला उभाच राहत नाही. ‘हे कलम लावलं तर किमान दहा वर्षं, ते मान्य केलंस तर तीन’ असा सौदा बंद दाराआड होतो, आणि दहाचं कलम कोणाला दाखवलं, कोणाला नाही, याची कारणं कुठेच लिहिलेली नसतात.

कायद्यात वर्णाचा शब्दही न येता केवढा फरक पडू शकतो, हे कोकेनच्या वजनांवरून कळतं. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेसाठी क्रॅक कोकेन ५ ग्रॅम पुरे होतं आणि पावडर कोकेन ५०० ग्रॅम लागायचं. मादक द्रव्य एकच, रूप वेगळं. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा चमचाभर साखरेएवढं वजन. क्रॅकच्या फेडरल गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये २००६ सालीसुद्धा ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होते. २०१० साली ही मर्यादा २८ ग्रॅमवर नेली, म्हणजे १००ः१ चं गुणोत्तर १८ः१ झालं. आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ २०१८ च्या कायद्याने मिळाला. गुणोत्तर एकास एक मात्र केलं नाही.

हे न्यायालयात सिद्ध करायला गेलं की काय होतं, ते १९९६ च्या आर्मस्ट्राँग खटल्यात दिसलं. लॉस एंजेलिसच्या सरकारी बचाव कार्यालयाने (गरीब आरोपींना वकील देणाऱ्या) दाखवलं की १९९१ मध्ये त्यांनी निकाली काढलेल्या क्रॅकच्या चोवीसच्या चोवीस प्रकरणांत आरोपी कृष्णवर्णीय होते. त्यांनी सरकारी वकिलांकडून नोंदी मागितल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आधी असे गोरे दाखवा ज्यांच्यावर असाच खटला भरता आला असता पण भरला नाही, मग नोंदी मिळतील. पण खटला न भरलेल्यांची माहिती असते सरकारी वकिलांच्या कपाटात. कपाट उघडायला किल्ली हवी, आणि किल्ली कपाटात. हा नियम आजही फेडरल न्यायालयांत लागू आहे.

शिक्षेचा काळ

फेडरल शिक्षा आयोगाने २०१७ मध्ये काढलेला आकडा असा: वय, पूर्वीचे गुन्हे, गुन्ह्याचा प्रकार इत्यादी जमेस धरूनही कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा १९.१ टक्के लांब शिक्षा. २०२३ च्या अहवालात हा फरक १३.४ टक्के होता. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: ‘इतर गोष्टी सारख्या’ धरताना लावलेलं कलमही सारखं धरलं जातं. ते कलमच भेदभावाने लागलं असेल तर तेवढा भाग हिशोबातून निसटतो. पूर्वीच्या शिक्षांचंही तसंच, कारण त्यांची सुरुवात बऱ्याचदा रस्त्यावरच्या अडवणुकीत असते. उलट बाजूने, नोंदीत न आलेला एखादा खरा फरकही उरू शकतो. म्हणून हा आकडा पुरावा म्हणून वापरावा, अचूक मोजमाप म्हणून नव्हे.

आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती याचे गुण देणाऱ्या संगणक प्रणालींचं भांडणही याच जातीचं आहे. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत (जिल्ह्यात) कॉम्पास नावाच्या प्रणालीची तपासणी २०१६ साली प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने केली. पुढे दोन वर्षांत नवा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्क्यांना प्रणालीने धोकादायक ठरवलं होतं, गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २३.५ टक्के. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर: एकच गुण मिळालेले गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात पुन्हा पकडले जातात. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. दोन गटांचं पुन्हा अटक होण्याचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर हे दोन प्रकारचे समतोल एकदम साधताच येत नाहीत, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. शिवाय प्रणाली मोजते ती अटक, गुन्हा नाही.

ज्युरी निवडताना

आता मुख्य ठिकाणाकडे येतो. भेदभाव शब्दाशब्दांत पकडता येतो असं हे एकमेव ठिकाण, कारण इथे प्रश्नोत्तरांचं लिखित इतिवृत्त असतं.

ज्युरीसाठी बोलावलेल्यांना दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात. कोणी उघड पूर्वग्रहदूषित असेल तर न्यायाधीश त्याला काढतात. त्याशिवाय प्रत्येक बाजूला ठरावीक संख्येने नावं कारण न सांगता वगळता येतात. ‘कारण न सांगता’ हीच मेख. कायद्याने कृष्णवर्णीयांना ज्युरीबाहेर ठेवणं १८८० सालीच घटनाबाह्य ठरलं होतं, पण या वगळणीतून तेच काम पुढची शंभर वर्षं चालू राहिलं. १९८६ मध्ये केंटकीच्या बॅटसन खटल्यात सरकारी वकिलाने चारही कृष्णवर्णीयांना वगळलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तीन पायऱ्यांची चौकशी घालून दिली. बचाव पक्षाने प्रथमदर्शनी संशय दाखवायचा. मग सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेलं कारण सांगायचं. शेवटी ते कारण खरं की बहाणा, हे न्यायाधीशाने ठरवायचं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच निकालात स्वतंत्रपणे लिहिलं की हा वगळण्याचा अधिकारच काढून टाकल्याशिवाय भागणार नाही. ते बरोबर होते.

बिघाड दुसऱ्या पायरीवर झाला. १९९५ मध्ये न्यायालयाने ठरवलं की तिथे सांगितलेलं कारण पटण्याजोगं असण्याचीही गरज नाही. लांब केस आणि दाढी हेही कारण चाललं. मग ठरलेली वाक्यं तयार झाली: नजरेला नजर देत नव्हता, पोलिसांवर विश्वास दिसत नाही, भाऊ तुरुंगात आहे, गुन्हेगारीच्या वस्तीत राहते. तिसऱ्या पायरीवर न्यायाधीशाला रोज समोर येणाऱ्या वकिलाला जवळपास खोटारडा म्हणावं लागतं, आणि ते फार थोडे जण करतात.

यावर चालणारं हत्यार एकच, उमेदवारांची आमनेसामने तुलना. कृष्णवर्णीयाला ज्या कारणाने वगळलं, तेच कारण लागू असलेला गोरा ठेवला का? सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या मिलर-एल निकालाने या तुलनेला वजन दिलं. जॉर्जियातल्या टिमथी फॉस्टर यांच्या १९८७ च्या खटल्यात ३४ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय महिलेला ‘वय आरोपीच्या जवळचं’ म्हणून वगळलं होतं. आरोपी विशीच्याही आतला, आणि तिच्याएवढेच किंवा तिच्याहून तरुण गोरे उमेदवार सरकारी वकिलांना चालले होते. अनेक वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली फिर्यादी पक्षाची टिपणं हाती आली. यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने रंगवलेली होती आणि त्यांच्यापुढे ‘बी’ (म्हणजे ब्लॅक) अक्षर होतं. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला तो २०१६ साली, खटल्यानंतर २९ वर्षांनी.

मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. सहाही मिळून सरकारी वकिलाने ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीयांना वगळण्याचा प्रयत्न केला. सहाव्या वेळी वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले, म्हणजे प्रत्येकी २९. ज्युरीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२, म्हणजे प्रत्येकी जेमतेम एक. कारण मिळेपर्यंत खणत राहायचं, असा हा प्रकार. २०१९ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले.

अशा प्रकरणात काम करणाऱ्यांनी करायची तयारी रटाळ आहे, पण तिच्यावर सगळं ठरतं. इतिवृत्तात माणसाचा वर्ण दिसत नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराचा वर्ण तोंडी सांगून नोंदवून घ्यायचा. एक तक्ता ठेवायचा: आसन क्रमांक, वर्ण, किती आणि कोणते प्रश्न, उत्तरं, कोणी वगळलं, कितव्या क्रमाने. लेखी प्रश्नावल्या अभिलेखात दाखल करून घ्यायच्या. हरकत ज्युरीचा शपथविधी होण्याआधी घ्यायची. ‘नजर देत नव्हता’ असं कारण आलं तर न्यायाधीशांनी स्वतः ते पाहिलं का, हे तिथल्या तिथे विचारून नोंदवायचं. अपिलात वरचं न्यायालय खालच्या न्यायाधीशाच्या मताला मान देतं. कागदावर जे नाही ते घडलंच नाही असं धरलं जातं.

हेतूची भिंत आणि तिला पडलेली भगदाडं

बॅटसन असो वा आर्मस्ट्राँग, सिद्ध करायचा असतो हेतू. ही भिंत सर्वांत उंच झाली १९८७ च्या मॅकक्लेस्की निकालात. जॉर्जियातल्या दोन हजारांहून जास्त खून प्रकरणांचा अभ्यास न्यायालयापुढे होता. बळी गोरा असेल तर ११ टक्के प्रकरणांत मृत्युदंड, बळी कृष्णवर्णीय असेल तर १ टक्का. इतर ३९ घटक जमेस धरल्यावरही गोऱ्या बळीमुळे मृत्युदंडाकडचं पारडं ४.३ पट जड होत होतं. हे ४.३ पट शक्यतेला लागू नाही, होण्याचं न होण्याशी जे गुणोत्तर असतं त्याला लागू आहे. नेहमी इथे चूक होते. मूळ शक्यता १० टक्के असेल तर गुणोत्तर एकास नऊ, ते ४.३ पट केलं की शक्यता सुमारे ३२ टक्के होते, ४३ नव्हे. मूळ ५० टक्के असेल तर सुमारे ८१. बहुमताने, पाच विरुद्ध चार, न्यायालय म्हणालं: अभ्यास खरा मानला तरी या आरोपीच्या खटल्यात कोणाचा हेतू वाईट होता हे त्यातून दिसत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपलं मत बदललं असतं असं सांगितलं. आरोपी वॉरन मॅकक्लेस्की यांना सप्टेंबर १९९१ मध्ये मृत्युदंड दिला गेला.

घटनेचा अर्थ लावताना ही भिंत अजून उभी आहे. काही राज्यांनी मात्र स्वतःच्या नियमांनी तिला वळसा घातला. वॉशिंग्टन राज्याने २०१८ च्या नियम ३७ मध्ये प्रश्नच बदलला: तटस्थ निरीक्षकाला या वगळणीत वर्णाचा भाग वाटू शकेल का? हेतूचा पुरावा लागत नाही. पोलिसांवर अविश्वास, नातेवाइकाला झालेली अटक, वस्ती, सरकारी मदत घेणं ही कारणं तिथे प्रथमदर्शनी अग्राह्य धरली जातात. अॅरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून कारण न सांगता वगळण्याचा अधिकारच बंद केला.

सर्वांत पुढे गेला तो कॅलिफोर्नियाचा २०२० चा वांशिक न्याय कायदा. एखाद्या गटावर, सारखंच कृत्य करणाऱ्या इतरांपेक्षा, जास्त गंभीर कलमं लावली जातात किंवा जास्त शिक्षा होते, हे आकड्यांनी दाखवलं तरी दाद मागता येते. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने जुने निकालही त्याच्या कक्षेत आले. शिवाय आर्मस्ट्राँगमधली किल्ली इथे आरोपीच्या हातात येते: वाजवी कारण दाखवून सरकारी वकिलांकडून नोंदी मागता येतात.

मागणी कशी लिहिली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ‘या कलमाखाली शिक्षा झालेल्यांची यादी’ एवढंच मागितलं तर हाती येतो तोच गाळलेला शेवटचा आकडा. तीन याद्या मागाव्या लागतात, त्याच काउंटीच्या आणि त्याच वर्षांच्या: हे कलम लावलेली प्रकरणं, तशीच घटना असून सौम्य कलमावर भागवलेली प्रकरणं, आणि पोलिसांनी पाठवूनही खटला न भरलेली प्रकरणं. प्रत्येकात पोलिसांचा मूळ अहवाल हवा, कारण घटना सारखी होती की नाही हे कलमावरून कळत नाही, अहवालावरूनच कळतं. तिसरी यादी द्यायला सर्वांत जास्त टाळाटाळ होते. तिच्याशिवाय तुलनेला दुसरी बाजूच उरत नाही, म्हणून ती मिळेपर्यंत अर्ज सोडू नये.